पहाडीवर अक्षरं लिहिणारे पेंटरभाऊ

रंगाच्या कुंचीचा दांडा कानामागे खोचायचा, हात धोतराला पुसायचे आणि ओळीत उभ्या असलेल्या मुलींना एकेक करून विचारायचं, "भेव लागते का?"

हा त्यांचा सकाळचा पहिला प्रश्न. मुलगी "लागते जी" म्हणाली की ते मान हलवत आणि तिच्या कमरेला दोर बांधायला घेत. "नाई" म्हणाली की तिला त्या दिवशी खालीच बसवत. मग तिनं कितीही काकुळतीनं "लागते, लागते" म्हटलं तरी उपयोग नसे. "आता लागून काय फायदा? सकाळी कुठी गेलतं भेव?" म्हणत तिच्या हातात चुना ढवळायची काठी देत.

मी त्या मुलींच्या वसतिगृहाची व्यवस्थापिका होते. भांड्यांची, चादरींची, औषधांची, साबणाच्या वड्यांची, सगळ्याची माझ्याकडे यादी असे. तशी पहाडीवर चढणाऱ्या मुलींचीही वही केली. नाव, अक्षर, चढली केव्हा, उतरली केव्हा, आणि शेवटी एक अरुंद रकाना: 'भे.' त्यात 'आहे' किंवा 'नाही'. तपासणीला आलेल्या एका साहेबांनी त्या रकान्यावर बोट ठेवून हे काय म्हणून विचारलं. मी खरं ते सांगितलं. त्यांनी थोडा विचार केला आणि खाली शेरा मारला, 'भीतीचे प्रमाण उत्तरोत्तर कमी व्हावे.' मी तो शेरा पेंटरभाऊंना दाखवला. ते म्हणाले, "साहेबाले एकदा वरतं पाठवा."

त्यांचं नाव हजेरीपटावर होतं, पण ते घेऊन कोणी हाक मारल्याचं मला आठवत नाही. सगळ्यांचे ते पेंटरभाऊ. काटकुळे, पायात कधी चप्पल नाही, उजव्या कानाची पाळी कायम कुठल्यातरी रंगात. चढाईचं कसब वडिलांकडून आलेलं. वडील कड्यावरचा मध काढायचे, आणि दहा वर्षांचा हा मुलगा त्यांच्याबरोबर दोरावर लोंबकळायचा. पुढे चांद्याला एका पेंटरच्या हाताखाली राहून ते दुकानांच्या पाट्या लिहायला शिकले. आमच्याकडे आले ते वसतिगृहाची पाटी लिहायला. दोन दिवसांचं काम होतं. राहिले दीड वर्ष.

अक्षर सुंदर आहे असं ते कधी म्हणायचे नाहीत. चांगलं असलं तर "उभं राह्यते" म्हणत, वाईट असलं तर "बसलं". आरमोरीच्या बाजारात त्यांच्याबरोबर जाणं म्हणजे परीक्षाच असे. एका शिंप्याच्या पाटीसमोर उभे राहून त्यांनी त्याला सांगितलं होतं, "भाऊ, तुमचा 'श' दारू पेलेला दिसते." शिंपी कात्री घेऊन बाहेर आला होता.

कड्यावर वानरासारखा चढणारा हा माणूस सुईला मात्र भ्यायचा. देवीची लस टोचणारे आले तेव्हा ते एकदम दिसेनासे झाले. मुलींनी शोधून काढलं. ते पहाडीच्या अर्ध्यावर एका कपारीत बसले होते. मुली खाली ओळीत उभ्या राहिल्या आणि त्यांनी सुरात विचारलं, "पेंटरभाऊ, भेव लागते का?" वरून शांतपणे उत्तर आलं, "लागते. म्हून तं चढलो."

ते दिवस पहिल्या पंचवार्षिक योजनेचे. आमचं वसतिगृह आलापल्लीच्या वाटेवर, जंगलाच्या कडेला होतं. मुली आसपासच्या खेड्यांतल्या. त्यांच्या आईबापांसाठी आम्ही साक्षरतेचा वर्ग काढला होता, पण दिवसभर धानाच्या बांधीत चिखल तुडवून आलेलं माणूस पाटीवर डोकं ठेवून झोपून जाई. पुढं पुढं तर येईनासेच झाले. मी गैरहजरांची यादी केली. ती वर्गाच्या पटाएवढीच लांब झाली.

पेंटरभाऊंनी ती पाहिली आणि म्हणाले, "ते इथी येत नाईत, तं अक्षरं तिथी नेऊ."

तिथं म्हणजे पहाडीवर. बांधींच्या अगदी समोर उभा काळा कातळ होता. त्यावर दीड पुरुष उंचीची अक्षरं, अ पासून सुरुवात, दोन महिन्यांना एखादं. रोवणी करताना, निंदताना, माणूस कंबर सरळ करायला उभं राहील तेव्हा समोर अक्षर दिसेल. मला कल्पना आवडली. पुढचं वाक्य मात्र नाही. लिहिणार मुली.

मी म्हटलं, भाऊ, तुम्हीच लिहा ना. ते म्हणाले, "मी लिवलं तं ते पेंटरचं अक्षर. मैनीनं लिवलं तं तिची माय बांधीत उभी राहून पाहीन."

माझं सांगायचं तर मला स्टुलावर चढून कंदील टांगायचीही भीती. उंचावर दुसऱ्याला पाहिलं तरी माझे तळपाय गार पडतात. पण ही भीती मी कोणाला दाखवत नसे. व्यवस्थापिकेनं भिऊन कसं चालेल? माझ्या धाकात सोळा मुली होत्या, आणि धाक हीच व्यवस्था अशी माझी तेव्हा समजूत होती.

सुरुवात वसतिगृहामागच्या एका मोठ्या धोंड्यावर झाली. मुलींनी आधी नुसतं बोटानं दगडावर अक्षर काढायचं, मग डोळे मिटून, मग कमरेला दोर बांधून एका हातानं. पेंटरभाऊंची रीत उलटी होती. आपण अक्षर लिहून वर रेघ मारतो. ते आधी रेघ मारून घेत. गेरूत भिजवलेलं सूत दोन मुली ताणून धरत, तिसरी ते मधोमध ओढून सोडे, आणि दगडावर तांबडी रेघ उमटे. "हे पक्कं करा. आपलं अक्षर वरून लटकते. तुमीबी वरून लटकता. वरचं पक्कं तं खालचं सारं पक्कं." वसतिगृहात येण्याआधी मी शाळेत बारा वर्षं मुलांना अक्षरं शिकवली होती. आपली अक्षरं लटकतात हे मला कधी सुचलं नव्हतं.

कड्यावर जायच्या पहिल्या दिवशी मैनीची आई बांधीतून तशीच चिखलाच्या पायांनी आली. मैनी चौदा वर्षांची, बोलायला कमी, हात अतिशय स्थिर. आईनं कमरेवर हात ठेवून विचारलं, "माह्या पोरीले वांदर बनवून राह्यला का गा?"

"वांदराले लिवता येत नाई, मावशी."

"पडली तं?"

मग त्यांनी दोराचं टोक तिच्या हातात दिलं आणि म्हणाले, "तुमी धरा." त्या बाईनं पहिला सबंध दिवस कड्यावर बसून आपल्या मुलीचा दोर धरला. संध्याकाळी ती उतरून गेली, आणि नंतर आली नाही.

दोर अंबाडीचा होता, त्यांनी स्वतः वळलेला. वर ऐनाच्या बुंध्याला त्याचं एक टोक बांधलेलं असे, आणि कड्याच्या काठावर पेंटरभाऊ पाय रोवून बसत. चढाईच्या आधी ते सबंध दोर डोळे मिटून हातातून सरकवत. मुठीतून वीत न् वीत. याला बराच वेळ लागे. मी घड्याळाकडे बघत असे. ते कधी घाई करत नसत.

माझं काम खाली, बांधीच्या धुऱ्यावर, म्हणजे कडेच्या मातीच्या बांधावर. दगडाला चिकटलेल्या मुलीला आपलं अक्षर दिसत नाही, तिला दिसतो तिच्या नाकासमोरचा हातभर कातळ. अक्षर वाकडं चाललंय की सरळ हे लांबून पाहणाऱ्यालाच कळतं. ओरडून सांगायची सोय नव्हती. कातळाच्या दुसऱ्या अंगाला आग्या मोहोळाची पोळी लोंबत होती, आणि आवाजानं ती उठतील ही भीती रोजची. म्हणून माझ्या हातात दोन फडकी; ती काठावरून पेंटरभाऊ पाहत आणि मुलीला हळू आवाजात सांगत. तांबडं उजवीकडे, पांढरं डावीकडे, दोन्ही वर म्हणजे थांबा, दोन्ही खाली म्हणजे खाली सोडा, गोल फिरवलं की वर ओढा. खुणांची यादी मी करून स्वयंपाकघराच्या दारावर चिकटवली होती. अशा तऱ्हेनं, जिला स्टुलाची भीती त्या बाईनं सहा अक्षरं सरळ उभी केली.

आणि अक्षरं चालली. बांधीतल्या बाया त्यांना आपापली नावं देऊ लागल्या. 'इ'ला सापाचं म्हणत. एक म्हातारा शेतकरी बैल थांबवून काठीनं चिखलात 'अ' काढताना मी पाहिला, आणि मला पाहताच त्यानं तो पायानं पुसला. 'उ' पुरा झाला त्या दिवशी दोन आया आपण होऊन वर्गाला आल्या.

'ऊ' झाला आणि पुढच्या वर्षीचा पाऊस धरला. पेंटरभाऊ वैनगंगेपलीकडे आपल्या गावी रोवणीला गेले. जाताना दोर त्यांनी आमच्या स्वयंपाकघरात चुलीवरच्या आढ्याला टांगला. धुरानं वाळवी लागत नाही, ओल धरत नाही. शेजारी बादली ओढायचा जुना दोरही टांगला, माहुलीच्या वेलाच्या सालीचा, वडिलांच्या हातचा. मला म्हणाले, "बाई, हे दोन इथीच राहू द्या."

इथून पुढचं मी लिहिते आहे ते सावकाश वाचा, कारण चूक इथं आहे आणि ती माझी आहे.

भर पावसात मी साठ्याची मोजणी काढली. स्वयंपाकघरात दोर लोंबतो हे मला बरं दिसेना. माझ्या वहीत 'अक्षरकाम साहित्य' असा एक भाग होता: चुना, धावड्याचा डिंक, काजळी, गेरू, कुंच्या, बादल्या, दोर एक. एका कामाचं सामान एका खोलीत. मी दोर उतरवला, धुराचा काळा थर होता म्हणून रिठ्याच्या पाण्यानं धुतला, आणि पुरता वाळायच्या आधीच सुंदर वेटोळं करून चुन्याच्या खोलीत पोत्यांवर ठेवला. चिठ्ठी लावली. वहीत टिक केली. जुना दोर यादीत नव्हता, म्हणून तो आढ्यालाच राहिला.

पोत्यांत कळीचा चुना होता. कळीचा चुना ओल पितो आणि तापतो. हे मला माहीत नव्हतं असं मी म्हणणार नाही. चुना विरवताना पाणी उकळतं हे मी दर वर्षी पाहत होते. फक्त माझ्या डोक्यात चुना एका ओळीत होता आणि दोर दुसऱ्या.

दिवाळी झाली, पेंटरभाऊ परत आले. धान कापणीला आलं होतं. कामाला परत सुरुवात करायची त्या दिवशी दहाच्या सुमारास एक मोठे साहेब पाहायला येणार होते. मला सगळं वेळेवर हवं होतं. मी दोराचं वेटोळं मुलींच्या समोर पेंटरभाऊंच्या हातात दिलं. स्वच्छ, पांढरट, चिठ्ठीसकट. त्यांनी ते नाकाजवळ नेलं नाही, सर्दी होती त्यांना. चुलीवरून काऊन काढला, एवढंच विचारलं. मी म्हणाले, धुतलाय, तपासलाय, वहीत टिक आहे. ते वेटोळं सोडून मुठीतून सरकवायला लागले तशी मी म्हणाले, "भाऊ, तपासलाय म्हटलं ना. साहेब यायचे आहेत."

मुली बघत होत्या. पेंटरभाऊंनी माझ्याकडे पाहिलं, दोराकडे पाहिलं, आणि दीड वर्षात पहिल्यांदा हात थांबवला.

मग ओळीपुढे उभे राहून त्यांनी विचारलं. मैनी म्हणाली, "लागते जी." मी रकान्यात 'आहे' लिहिलं.

मैनी 'ए' लिहायला उतरली. मी धुऱ्यावर उभी होते. मागे बायांचे विळे चालले होते, त्यांत तिची आईही होती. शिरोरेघ झाली, उभी रेघ अर्ध्यावर आली. मी पांढरं फडकं दाखवलं, ती थोडी डावीकडे सरकली, आणि तिच्या डोक्यावर दोन हात अंतरावर मला दोरावर काहीतरी दिसलं. आधी वाटलं, चुन्याचा शिंतोडा. मग तो शिंतोडा फुलला. तीन पिळांपैकी एक पीळ सुटून वर-खाली पिंजारला होता.

त्या क्षणी मला आमची चुन्याची खोली दिसली. पोती, वेटोळं, चिठ्ठी, माझं अक्षर.

मागून मैनीच्या आईनं विचारलं, "बाई, मैनीचं सरळ हाये ना?"

मी म्हणाले, "सरळ आहे."

आवाज माझाच होता. मी दोन्ही फडकी वर केली. थांबा. पण थांबून काय? वर ओढा म्हटलं तर तो सुटलेला पीळ कड्याच्या काठावर घासणार. खाली सोडा म्हटलं तर हिसका बसणार. ओरडलं तर मैनी वर बघणार, आणि पोळी होतीच. माझ्या यादीत या खुणेला जागा नव्हती. मी फडकी वर धरून उभी राहिले.

एवढा वेळ मी कधी थांबवलं नव्हतं. काठावरून पेंटरभाऊ पालथे पडून माझ्याकडे पाहायला लागले. तेव्हा मी दोन्ही फडकी एकमेकांत पिळली, उंच धरली, आणि सावकाश पीळ सोडला.

त्यांना कळलं. त्यांनी दोराकडे पाहिलं. मग मैनीला काहीतरी म्हणाले. ते मला नंतर कळलं: "रेघ जाड कर. घाई नको. हात सोडून बाकी काई हलवू नको." मैनी लिहीत राहिली. दोराच्या दुसऱ्या पिळातून एक धागा उडालेला मला खालून दिसत होता, आणि ती चौदा वर्षांची मुलगी शांतपणे रेघ जाड करत होती.

पेंटरभाऊंनी आपली जागा दोन थोरल्या मुलींना दिली, बादली ओढायला सकाळी आढ्यावरून काढून आणलेल्या जुन्या दोराचं टोक ऐनाला बांधलं, दुसरं खांद्यावर टाकलं, आणि कपारींतून बोटं रोवत मोकळेच उतरले. त्यांच्या कमरेला काही नव्हतं. मी डोळे मिटले नाहीत. मिटावेसे वाटत होते, पण वाटलं मी पाहायचं सोडलं तर ते पडतील. मैनीच्या शेजारी पावलाएवढी जागा होती. तिथं एक पाय टेकून त्यांनी तिच्या काखेखालून जुना दोर बांधला. वरच्या मुलींनी ओढलं. मैनी वर गेली. ते तिथंच राहिले, एका पायावर, कातळाला गाल लावून. तो पाय शिवणयंत्रासारखा थरथरत होता.

जुना दोर परत खाली सोडेपर्यंत तिकडे रस्त्यावर साहेबांची जीप येऊन थांबली होती.

पेंटरभाऊ वर पोचले तेव्हा मी मागच्या पायवाटेनं धापा टाकत पहाडीवर आले होते. त्यांनी अंबाडीचा दोर ओढून घेतला आणि दोन हातांत धरून ताणला. तो वाळल्या काडीसारखा तुटला. तुटलेलं टोक त्यांनी जिभेला लावलं.

"चुना," म्हणाले. माझ्याकडे पाहिलं नाही.

साहेबांनी रस्त्यावरून शेवटचं सगळं पाहिलं होतं, आणि माझ्या मागोमाग तेही वर आले होते. तिथंच उभ्या उभ्या त्यांनी विचारलं, "दोर कोणाच्या ताब्यात होता?"

मी तोंड उघडलं. उघडलं होतं, एवढं मला पक्कं आठवतं.

"माह्या, साहेब," पेंटरभाऊ म्हणाले. "हात मी फिरवला नाई."

साहेब माझ्याकडे वळले. "बरोबर, बाई?"

मी मान हलवली. होय म्हणून.

कड्याच्या टोकावर उभी असूनही त्या क्षणी मला उंचीची भीती वाटत नव्हती. ज्याची वाटत होती ते समोर कागद काढून लिहीत होतं.

संध्याकाळी मी त्यांच्या खोलीकडे गेले. ते कुंच्या धूत होते. मी म्हणाले, उद्या मी लेखी कळवते. ते म्हणाले, "खोटं काय बोललो? हात मी नाईच फिरवला. आन् तुमी गेल्या तं दुसरी बाई येईपर्यंत पोरी घरी जातीन. गेलेली पोरगी परत येत नाई. मी गेलो तं अक्षरंच राह्यतीन."

हिशेब बिनचूक होता. मी तो लगेच मान्य केला. किती लगेच, ते आठवलं की अजून कानशिलं तापतात.

मी निघताना ते म्हणाले, "मैनीले दोरात चुन्याचा वास आल्ता. सकाळीच. बोलली नाई. काऊन, ते तुमीच इचारा."

मी मैनीला बोलावलं. ती अंगठ्यानं जमीन उकरत उभी राहिली. वास आला होता का? आला होता. मग सांगितलं का नाही?

"तुमी तपासला म्हनल्या ना, बाई. तुमी रागावल्या असत्या."

म्हणजे त्या सकाळी मी रकान्यात जो 'आहे' लिहिला होता तो कातळाचा नव्हता. तो माझा होता. मुलगी मला भिऊन त्या दोरावर उतरली होती.

कामावरून काढल्याचा हुकूम आला आणि पेंटरभाऊ तिसऱ्या दिवशी गेले. आलापल्लीहून सागवान घेऊन निघालेल्या ट्रकवर, ओंडक्यांच्या वर बसून, रंगाचा डबा मांडीवर घेऊन. मुली फाटकापाशी उभ्या होत्या. कोणी रडलं नाही. मी त्यांना रांगेत उभं केलं होतं.

पहाडीवर चढणं बंद झालं. 'ए' अर्धाच राहिला. वर्ग मात्र चालू राहिला, कारण बाया विचारू लागल्या की पुढचं कोणतं. मुली घरी गेल्या नाहीत. पेंटरभाऊंचं गणित खरं ठरलं, आणि मी रोज सकाळी उठून कामाला लागायची.

पुढे आमचा भाग मध्य प्रदेशातून मुंबई राज्यात गेला, कचेऱ्या हलल्या. मी बदलीवर दुसरीकडे गेले. तिथून एकदा धीर करून लिहिलं की अमुक चौकशीत दुरुस्ती करायची आहे. उत्तर आलं, तशी फाइल इकडे आढळत नाही. मी सुटले असं मला वाटायला हवं होतं. उलट भीती वाढली. कागदावर चूक असती तर खोडता आली असती. आता ती कुठं होती?

ती त्यांच्या गावात होती. आरमोरीहून नदी उतरून मी तिथं गेले तेव्हा भर दुपार होती. त्यांची बायको अंगणात सुपात तांदूळ पाखडत होती. मी कोण ते सांगितलं. आमच्या या भागात दारी आलेल्या माणसाला आधी पाणी देतात, मग नाव विचारतात. तिनं नाव ऐकलं आणि सूप चालू ठेवलं.

पेंटरभाऊ मागच्या उन्हाळ्यात तापानं गेले होते.

तिनंच सांगितलं, सुपाकडे बघत. परत आल्यावर त्यांना कचेरीचं काम कोणी दिलं नाही. पोरींना कड्यावरून पाडत होता, अशी बातमी त्यांच्या आधी गावात आली होती. बैलबंड्यांवर नावं लिहायचं काम तेवढं राहिलं. लग्नाचा मांडव बांधताना गावातली जवान पोरं म्हणायची, "भाऊ, दोराले हात लावू नका बाप्पा." ते हसायचे. "मलेबी म्हणे, हात मी फिरवला नाई. एवढंच म्हणे. मी पुसलं तं उठून जाये."

मी तिला सांगितलं. चूल, रिठा, चुन्याची खोली, चिठ्ठी, मान हलवली ते. सगळं.

सूप थांबलं.

"आता सांगून राह्यल्या, बाई?"

"हो."

ती उठली. मला वाटलं आत जाईल. ती रस्त्यावर गेली आणि तिनं हाका मारल्या. दिराला, शेजारच्या घराला, पारावर बसलेल्या माणसांना, त्या मांडव बांधणाऱ्या पोरांना. "या गा सारे. इकडे या." अंगण भरलं. बाया भिंतीला टेकल्या. एक बहिरा म्हातारा काठी टेकत पुढे येऊन बसला. ती माझ्याशेजारी येऊन उभी राहिली.

"आता सांगा. मोठ्यानं सांगा. तो बुढा आयकत नाई."

धरायला काही नव्हतं. मी सुरुवातीपासून सांगितलं. सांगून झाल्यावर म्हाताऱ्यानं कानामागे हात धरून विचारलं, बाई काय म्हणते? तेव्हा ती त्याच्याजवळ गेली, वाकली, आणि त्याच्या कानात, पण सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाली, "दोर ह्या बाईनं खराब केल्ता. ह्यायनं नाई."

म्हाताऱ्यानं मान हलवली. पोरांपैकी एकानं खाली पाहिलं.

मग ती घरात गेली, आणि लोटाभर पाणी घेऊन बाहेर आली.